टेलिकॉम कंपनीचा शाश्वतता अहवाल: नागपूर-विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेलिकॉम कंपनीचा बिगर-आर्थिक अहवाल मुख्यालयात छापला जातो, पण त्यातले आकडे साइटवर जन्माला येतात. हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या गच्चीवर, काटोल रोडच्या टॉवरखाली, गडचिरोलीच्या आतल्या गावातल्या जनरेटरशेजारी. ही प्रश्नोत्तरे तो आकडा गोळा करणाऱ्यांसाठी आहेत: झोनल ऑफिसमधले ऊर्जा आणि प्रशासन विभागाचे लोक, टॉवर आणि फायबरचे कंत्राटदार, आणि तपासणीला जाणारी सीए फर्मची तरुण मंडळी.

हा अहवाल नेमका कोणता? कायद्याने लागतोच का?

भारतात सूचीबद्ध कंपनीसाठी मुख्य अहवाल म्हणजे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीचा बीआरएसआर, म्हणजेच व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल. सेबीने १० मे २०२१ च्या परिपत्रकाने तो आणला. २०२१-२२ ला तो ऐच्छिक होता. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना सक्तीचा झाला. त्याचे तीन भाग आहेत. 'अ' मध्ये कंपनीची सर्वसाधारण माहिती, 'ब' मध्ये धोरणे आणि व्यवस्थापन, आणि 'क' मध्ये ९ तत्त्वांनुसार आकडेवारी. ही तत्त्वे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमधून घेतलेली आहेत. 'क' भागातले काही निर्देशक आवश्यक आहेत, काही 'लीडरशिप' म्हणून ऐच्छिक.

त्यानंतर १२ जुलै २०२३ ला 'बीआरएसआर कोअर' आला. त्यात हरितगृह वायू, पाणी, ऊर्जा, कचरा, कर्मचाऱ्यांची सुरक्षितता, महिलांचा सहभाग, सर्वसमावेशक विकास, ग्राहक-पुरवठादारांशी व्यवहार आणि व्यवसायातला खुलेपणा अशा ९ बाबी येतात. या बाबींवर बाहेरच्या संस्थेकडून तपासणी लागते. पहिल्या १५० कंपन्यांना २०२३-२४ पासून, २५० ना २०२४-२५ पासून, ५०० ना २०२५-२६ पासून आणि सगळ्या १,००० ना २०२६-२७ पासून.

विदर्भाचे आकडे वेगळे छापले जातात का?

नाही. अहवाल संपूर्ण कंपनीचा असतो. दूरसंचार परवान्याच्या हिशेबात नागपूर 'महाराष्ट्र' सर्कलमध्ये (परवान्याच्या विभागात) येते. त्यात गोवाही धरतात आणि मुंबईचे सर्कल वेगळे असते. त्यामुळे नागपूर झोनची बेरीज आधी सर्कलमध्ये आणि मग देशाच्या आकड्यात मिसळते. म्हणूनच झोनची वही नीट असणे फार महत्त्वाचे. एकदा बेरजेत मिसळलेली चूक वरून दिसत नाही.

या वहीचे पहिले काम म्हणजे जुळणीचा तक्ता. एकाच साइटला तीन ओळखी असतात: आपल्या कंपनीचा साइट आयडी, टॉवर कंपनीचा आयडी आणि महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक. त्या तिन्ही एका ओळीत आणल्याशिवाय पुढे जाऊ नये. साइट हलते, जोडणी तोडून नवीन घेतली जाते, ग्राहक क्रमांक बदलतो आणि तक्त्यात जुनाच राहतो. मग एका साइटची वीज दोनदा मोजली जाते किंवा मोजलीच जात नाही. तक्ता दर तिमाहीला अद्ययावत करावा, आणि बंद झालेली साइट पुसून न टाकता बंद झाल्याच्या तारखेसह तशीच ठेवावी.

काम कधी सुरू करायचे?

एप्रिलमध्ये सुरू केले तर उशीर झालेला असतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते, वार्षिक सभा साधारणपणे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि सभेची सूचना वार्षिक अहवालासह (बीआरएसआर त्यातच असतो) २१ दिवस आधी भागधारकांना जाते. मधल्या काळात तपासणी, संचालक मंडळाची मंजुरी आणि एक्सबीआरएल (संगणकाला वाचता येईल अशा) नमुन्यात भरणे उरकायचे असते. ज्या झोनमध्ये दर तिमाहीला हिशेब पूर्ण करतात तिथे मार्चनंतर फक्त शेवटचे तीन महिने तपासायचे उरतात. जिथे वर्षाचे सगळे एकदम गोळा करतात तिथे मागच्या मे महिन्याची डिझेलची पावती शोधण्यातच मे जातो.

विजेचा आकडा बिलावरून घ्यायचा एवढेच ना?

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडे सविस्तर.

पहिली गोष्ट, युनिट घ्यायचे, रुपये नाही. बिलाच्या रकमेला सरासरी दराने भागून युनिट काढण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण रक्कम लेखा विभागाकडे तयार मिळते. पण त्या रकमेत स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, मागील थकबाकी आणि कधी अतिरिक्त सुरक्षा ठेवही मिसळलेली असते. कमी वापराच्या साइटवर तर स्थिर आकाराचा वाटा इतका मोठा असतो की भागाकारातून निघालेल्या युनिटचा प्रत्यक्ष वापराशी संबंधच राहत नाही.

दुसरी, सरासरीचे बिल. मीटरपर्यंत पोहोचता आले नाही, कुलूप होते किंवा मीटर नादुरुस्त असेल तर महावितरण सरासरी युनिट लावते आणि नंतर खरे वाचन आले की फरक एकाच महिन्यात वळता करते. बिलावर चालू आणि मागील वाचन असते. ते पाहण्याची सवय लावावी. मार्चअखेर सलग तीन-चार महिने सरासरीवर असलेल्या साइटची वेगळी यादी काढावी आणि साइटवर माणूस पाठवून मीटरचे वाचन घ्यावे.

तिसरी, तारखा. बिलाचा महिना आणि कॅलेंडरचा महिना एक नसतो. मार्चचे बिल फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचे असेल, तर वर्षाच्या दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा महिना दिवसांच्या प्रमाणात वाटून घ्यावा लागतो. दरवर्षी एकच पद्धत ठेवली तर बाराच बिले धरूनही चालते. एका वर्षी बारा आणि पुढच्या वर्षी तेरा बिले धरली की मात्र वाढ झाल्याचा खोटा आभास तयार होतो.

चौथी, घरमालकाच्या जोडणीवरची गच्चीवरची साइट. तिथे आपल्या नावाने बिलच नसते. सब-मीटर असतो, आणि घरमालक दरमहा ठरलेली रक्कम घेतो. सब-मीटरचे दरमहा वाचन आणि तारीख दिसणारा फोटो, एवढाच पुरावा तिथे चालतो. सीताबर्डी, महाल, गांधीबागसारख्या दाट वस्तीत अशा साइट भरपूर असल्याने हा किरकोळ प्रश्न समजू नये.

टॉवर दुसऱ्या कंपनीचा, उपकरणे आमची. वीज कोणाच्या खात्यात?

हरितगृह वायूंच्या हिशेबात तीन कप्पे असतात. स्कोप १ म्हणजे आपल्या ताब्यातल्या यंत्रात जळणारे इंधन आणि गळणारा वायू. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप ३ म्हणजे साखळीत इतरत्र होणारे उत्सर्जन. भाड्याच्या टॉवरवर वीज आणि डिझेल टॉवर कंपनी घेते आणि खर्च मोबाइल कंपन्यांवर टाकते. काही मोबाइल कंपन्या आपल्या उपकरणांनी खाल्लेली ऊर्जा स्कोप १ आणि २ मध्ये धरतात, तर काही ती भाड्याच्या मालमत्तेचे उत्सर्जन म्हणून स्कोप ३ च्या ८ व्या प्रकारात टाकतात. दोन्ही पद्धती चालतात. अट इतकीच की सीमा कुठे आखली ते अहवालात स्पष्ट लिहावे आणि दरवर्षी ती बदलू नये. सीमा बदलून 'स्कोप २ निम्म्यावर आला' असे मिरवणे ही वाचकाची फसवणूक आहे. आमचे मत याबाबत ठाम आहे.

व्यवहारातली अडचण वेगळीच असते. अनेक करारांत ऊर्जेचा दर महिन्याला ठरलेला असतो, त्यामुळे टॉवर कंपनीच्या बिलात युनिट येतच नाहीत. करारातच 'साइटवार युनिट आणि लिटर दरमहा द्यावे' असे कलम घालून घ्यावे. तोवर उपकरणांच्या डीसी मीटरचे वाचन कामी येते, पण ते जसेच्या तसे वापरू नये. उपकरणे ४८ व्होल्ट डीसीवर चालतात आणि ग्रिडचा एसी प्रवाह डीसी करताना रेक्टिफायर या यंत्रात काही ऊर्जा जाते. समजा डीसी मीटरवर २०,००० युनिट दिसले आणि रेक्टिफायरची कार्यक्षमता ९२ टक्के आहे. मग ग्रिडमधून घेतलेली वीज २०,००० भागिले ०.९२, म्हणजे सुमारे २१,७४० युनिट होते. शेल्टरच्या (उपकरणांच्या खोलीच्या) वातानुकूलनातला आपला वाटा त्यावर आणखी.

डिझेल कसे मोजायचे?

खरेदी नव्हे, वापर मोजायचा. सुरुवातीचा साठा, अधिक भरलेले लिटर, वजा शेवटचा साठा. त्याला ताडून पाहायला जनरेटरचा तास-मीटर असतो. लिटर भागिले तास म्हणजे ताशी खप. तो दर महिन्याला साइटवार काढावा. त्याच क्षमतेच्या शेजारच्या साइट ताशी दोन लिटरच्या आसपास असताना एखादीच चारवर गेली, तर तास-मीटर बंद पडला आहे, भरणा दोनदा नोंदला गेला आहे किंवा डिझेल चोरीला जाते आहे. मात्र मोठा जनरेटर अगदी कमी भारावर चालत असेल तर दर युनिटमागे डिझेल जास्त लागते, हेही लक्षात घ्यावे.

पावसाळ्यात लाइन दोन-दोन दिवस तुटली की भाड्याचा फिरता जनरेटर आणतात. त्याचे डिझेल कंत्राटदाराच्या बिलात 'आपत्कालीन सेवा' या एका ओळीखाली दडते आणि ऊर्जेच्या वहीत येतच नाही. त्या बिलावर लिटर वेगळे लिहून घ्यावेत.

आणखी एक नेहमीची चूक: ऊर्जेच्या तक्त्यात डिझेलची ऊर्जाही धरायची आणि जनरेटरने तयार केलेली युनिटही. ती एकच ऊर्जा आहे. दोन्हींपैकी फक्त इंधन मोजावे.

एका साइटचे गणित करून दाखवाल का?

सोयीसाठी धरलेले आकडे घेऊ. एका साइटने ग्रिडमधून वर्षात २१,९०० युनिट घेतली, जनरेटरने १,२०० लिटर डिझेल खाल्ले, आणि एअर कंडिशनरमध्ये (एसीत) १.५ किलो आर-४१०ए हा थंडावा देणारा वायू भरावा लागला.

वीज: केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा गुणांक दर युनिट ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. म्हणजे सुमारे १५.९ टन, स्कोप २.
डिझेल: दर लिटर सुमारे २.६८ किलो. म्हणजे ३.२ टन, स्कोप १.
वायू: आर-४१०ए ची तापमानवाढीची क्षमता आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदल मंडळाच्या) पाचव्या अहवालानुसार कार्बन डायऑक्साइडच्या १,९२४ पट. दीड किलो म्हणजे जवळजवळ २.९ टन, तोही स्कोप १.

दीड किलो वायू आणि वर्षभराचे डिझेल जवळपास बरोबरीला येतात, हे पाहून पुष्कळांना धक्का बसतो. मे अखेरच्या नवतपात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो तेव्हा एसी सलग चालतात आणि जोड सैल होऊन गळती वाढते. देखभालवाला 'गॅस टॉप-अप' एवढेच लिहून जातो. जॉब-शीटवर वायूचा प्रकार आणि सिलिंडरचे आधीचे-नंतरचे वजन, या दोन गोष्टी लिहिल्याशिवाय बिल मंजूर करू नये. जुन्या एसीत आर-२२ असेल तर तो ओझोन थर वाचवण्याच्या माँट्रियल कराराखालचा वायू असल्याने जीएचजी प्रोटोकॉल या हरितगृह वायूंच्या हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार तीन स्कोपच्या बाहेर, वेगळा दाखवतात.

ऊर्जेचा तक्ता जूलमध्ये भरायचा असतो. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाजूल, एक लिटर डिझेल सुमारे ३६ मेगाजूल. वरच्या साइटची ऊर्जा ७८.८ अधिक ४३.२, म्हणजे १२२ गिगाजूल. किलो-मेगा-गिगाच्या गोंधळात हजारपटीने चुकलेले आकडे छापले जाऊ शकतात. भरून झाल्यावर एका साइटचे गणित हाताने करून पाहावे.

कोराडी आणि खापरखेडा ही कोळशाची वीज केंद्रे शेजारी आहेत. आम्ही कोळशाचा जास्तीचा गुणांक लावायचा का?

नको. देशाचे सगळे प्रादेशिक ग्रिड डिसेंबर २०१३ पासून एकमेकांना जोडलेले आहेत आणि प्राधिकरण संपूर्ण देशासाठी एकच गुणांक देते. नागपूरची साइट असो वा केरळची, स्थानाधारित पद्धतीत (साइट ज्या ग्रिडवर आहे त्याचा गुणांक लावण्याच्या पद्धतीत) तोच लागतो. फक्त गुणांक कोणत्या वर्षाचा आणि कोणत्या आवृत्तीचा, हे तळटीपेत लिहावे.

सोलर बसवले की स्कोप २ कमी होतो ना?

होतो, पण मीटरने मोजलेल्या युनिटइतकाच. 'तीन किलोवॅटचे पॅनेल, म्हणून इतकी युनिट' असा क्षमतेवरून काढलेला आकडा तपासणीत टिकत नाही. एप्रिल-मेमधली धूळ, कबुतरे आणि शेजारी उभ्या राहिलेल्या इमारतीची सावली क्षमतेच्या गणितात धरलेली नसते.

बाहेरून हरित वीज घ्यायची तर २०२२ च्या हरित ऊर्जा मुक्त प्रवेश (दुसऱ्या उत्पादकाकडून थेट वीज घेण्याच्या) नियमांत किमान १०० किलोवॅट मंजूर भार लागतो. एका टॉवरचा भार काही किलोवॅटचा, म्हणून तो एकटा बसत नाही. एकाच वीज विभागातल्या अनेक जोडण्या मिळून १०० किलोवॅट भरत असतील तर मात्र चालते. स्विचिंग सेंटर आणि डेटा सेंटरला हा मार्ग सोपा आहे. सौर विजेवरचे अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र विकून टाकले असेल, तर ती वीज 'हरित' म्हणून पुन्हा आपल्या खात्यात दाखवता येत नाही.

बॅटऱ्या आणि जुनी उपकरणे: कचऱ्याच्या रकान्यात काय भरायचे?

वजन, टनांत. आणि योग्य प्रकारात. बीआरएसआरमध्ये बॅटरी-कचरा, ई-कचरा, इतर घातक कचरा आणि बिगर-घातक कचरा यांचे रकाने वेगळे आहेत. शिशाच्या बॅटऱ्या ई-कचऱ्यात टाकणे ही फार वेळा होणारी चूक. बॅटऱ्यांना २०२२ चे बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम लागतात, तर रेडिओ, राउटर, कार्ड यांना १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचरा नियम. जनरेटरचे वापरलेले ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येते. त्याची वाहतूक फॉर्म १० च्या मॅनिफेस्टवर (वाहतूक पत्रकावर) व्हावी लागते.

साइटवरून बॅटऱ्या 'नगां'त निघतात आणि अहवालात 'टन' लागतात. ४८ व्होल्टच्या एका बँकेत २ व्होल्टचे २४ सेल असतात. सेलचे वजन क्षमतेप्रमाणे इतके बदलते की नगांना एका सरासरी वजनाने गुणणे धोक्याचे ठरते. गोदामातून गाडी निघताना वजनकाट्याची पावती, गेटपास आणि घेणाऱ्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीची प्रत असे तीन कागद एकत्र टाचावेत. परवानगीची मुदत गाडी निघाली त्या दिवशी चालू होती का, हे तपासणारा हमखास पाहतो. जुन्या बॅटऱ्या नव्याच्या बदल्यात पुरवठादाराने नेल्या असतील तर तेही विल्हेवाटीतच धरायचे आणि त्याच्याकडून पुनर्प्रक्रियेचा दाखला मागायचा.

पाणी?

नेटवर्कला जवळपास लागत नाही. कार्यालये, स्विचिंग सेंटर आणि दुकानांचे मोजावे. मनपाच्या नळाचे मीटर, बोअरवेल आणि टँकर हे स्रोत वेगळे दाखवायचे असतात. बोअरवेलला मीटर नसेल तर आधी तो बसवा.

कंत्राटी माणसाचा अपघात आमच्या अहवालात येतो का?

येतो, आणि यायलाच हवा. टॉवरवर चढणारा रिगर, फायबरसाठी खोदणारा मजूर, रात्री डिझेल पोहोचवणारा माणूस ही बहुतेक कंत्राटदाराची माणसे असतात. जोखीम त्यांच्याच वाट्याला येते. अपघाताचा दर असा काढतात: कामाचा दिवस बुडवणारे अपघात, गुणिले १० लाख, भागिले काम केलेले एकूण मनुष्य-तास. तीन अपघात आणि २४ लाख तास असतील तर दर १.२५.

अंशात अपघात दडतात आणि छेदात तास फुगतात. अपघात 'रजेवर होता' म्हणून नोंदला जातो. तास मात्र हजेरीपटाऐवजी माणसे गुणिले आठ गुणिले सव्वीस असे धरले जातात. कंत्राटदाराच्या बिलाला महिन्याचा हजेरीपट आणि अपघाताचे निवेदन, शून्य असले तरी, जोडणे सक्तीचे करावे. त्याची ईएसआयची अपघात नोंद आणि आपली वही वर्षातून किमान दोनदा समोरासमोर ठेवावी. सलग वर्षानुवर्षे शून्य दाखवणाऱ्या मोठ्या कंत्राटदाराला शाबासकी देण्याआधी त्याची कागदपत्रे पाहावीत. मृत्यूची नोंद वेगळ्या ओळीत असते, आणि तिथे 'चौकशी चालू आहे' म्हणून जागा रिकामी ठेवता येत नाही.

पगाराच्या तक्त्यात नागपूर कशात धरायचे?

मेट्रोपॉलिटनमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या वर्गीकरणात १० लाखांवरची वस्ती मेट्रोपॉलिटन, १ ते १० लाख शहरी, १० हजार ते १ लाख निमशहरी आणि त्याखाली ग्रामीण. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांवर होते. अमरावती आणि चंद्रपूर शहरी, काटोल आणि गडचिरोली निमशहरी. माणूस कुठल्या कार्यालयाच्या पगारपटावर आहे ते नव्हे, तो प्रत्यक्ष कुठे काम करतो ते पाहायचे. गडचिरोलीत राबणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार नागपुरात धरला तर छोट्या गावांतल्या रोजगाराचा आपलाच आकडा आपण कमी करतो.

ग्राहकांच्या तक्रारी कुठून घ्यायच्या?

डॉकेट क्रमांकावरून, म्हणजे तक्रारीच्या नोंद क्रमांकावरून. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला तो द्यावाच लागतो. नेटवर्कची तक्रार, बिलाची तक्रार आणि नुसती विचारपूस यांची सीमा वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवावी, नाहीतर कॉल सेंटरची पद्धत बदलली की तक्रारी 'कमी' होतात. अहवालात वर्षात आलेल्या आणि वर्षाअखेर प्रलंबित अशा दोन्ही संख्या लागतात. डेटा गोपनीयता आणि सायबर सुरक्षेच्या तक्रारी वेगळ्या. डेटा फुटल्याच्या घटना आणि त्यातल्या ग्राहकांच्या वैयक्तिक माहितीशी संबंधित किती, हेही द्यावे लागते. २०२२ च्या निर्देशांनुसार सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायच्या घटनांची यादी आणि ही संख्या एकमेकींशी जुळली पाहिजे.

वस्तीतले लोक टॉवरच्या किरणोत्सर्गाबद्दल विचारतात. अहवालात त्याचे काय?

बीआरएसआरमध्ये त्याचा ठरलेला रकाना नाही, पण लोकांना महत्त्वाचा वाटणारा विषय म्हणून 'अ' भागातल्या जोखमींमध्ये तो लिहावा असे आमचे मत आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने आंतरराष्ट्रीय मर्यादेचा दहावा भाग ही मर्यादा लावली. ९०० मेगाहर्ट्‌झला दर चौरस मीटर ०.४५ वॅट. दूरसंचार विभागाकडे दिलेली स्व-प्रमाणपत्रे आणि विभागाने केलेल्या तपासण्यांचे निकाल लिहावेत. 'आमचे टॉवर पूर्ण सुरक्षित' अशा एका वाक्याने कुणाचे समाधान होत नाही.

उलाढालीमागे उत्सर्जन कमी झाले. हे यश लिहायचे का?

आधी कारण शोधा. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी रिचार्जचे दर वाढवले. उलाढाल वाढली की दर रुपयामागची ऊर्जा आपोआप घटते, एक युनिट न वाचवताही. डेटा वाढला की दर पेटाबाइटमागची (दहा लाख जीबीमागची) ऊर्जाही अशीच घटते. त्यामुळे एकूण टन, दर रुपयामागे, दर साइटमागे आणि दर पेटाबाइटमागे असे चारही आकडे शेजारी-शेजारी द्यावेत. एकूण टन वाढले असतील तर ते पहिल्या ओळीत लिहावे.

आम्ही छोटे कंत्राटदार. आम्हाला हे फॉर्म का भरायला लावतात?

बीआरएसआर कोअरची मूल्यसाखळीची (पुरवठादार आणि ग्राहक कंपन्यांची) बाजू त्यासाठी आहे. खरेदी किंवा विक्रीच्या मूल्यात एकट्याचा वाटा २ टक्के किंवा जास्त असलेले भागीदार त्यात येतात, आणि कंपनी एकूण मूल्याच्या ७५ टक्क्यांपर्यंतच थांबू शकते. पहिल्या २५० कंपन्यांसाठी हे २०२५-२६ पासून, तेही ऐच्छिक आहे. म्हणजे विदर्भातला बहुतेक छोटा कंत्राटदार या नियमात थेट बसत नाही. तरी कंपनीला स्वतःच्या स्कोप १ साठी आणि अपघाताच्या दरासाठी तुमचे लिटर आणि तास लागतातच. चाळीस पानी प्रश्नावलीऐवजी चार गोष्टी मागितल्या तर त्या खऱ्या मिळतात: गाड्यांचे डिझेल, मनुष्य-तास, अपघात, आणि किमान वेतन व पीएफ भरल्याचा पुरावा.

तपासणीला आलेले लोक साइटवर काय पाहतात?

दोन दिशांनी चालतात. अहवालातला आकडा घेऊन बिलापर्यंत येतात, म्हणजे आकडा फुगवलेला नाही ना ते कळते. मग साइटवर उभे राहून समोर दिसणारा जनरेटर, एसी, मीटर हे सगळे वहीत आहे का ते पाहतात, म्हणजे काही सुटले नाही ना ते कळते. दुसरी दिशा जास्त झोन अडकवते. मागच्या वर्षीच्या आकड्यात मोठी चूक निघाली तर तो आकडा दुरुस्त करून, कारणासह, नव्या शेजारी छापावा. पुष्कळ कंपन्या ५ टक्क्यांच्या वरचा फरक मोठा मानतात. त्याच तपासणी संस्थेकडून सल्ल्याचे कामही करून घेऊ नये. तिची स्वतंत्रता संपते.

कागद किती काळ आणि कसे ठेवायचे?

कंपनी कायद्यात हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. तोच कालावधी इथे धरावा. आधारवर्षाचे (ज्या वर्षाशी पुढची तुलना करतात त्याचे) कागद मात्र ते आधारवर्ष असेपर्यंत ठेवावेत. पेट्रोल पंपाची पावती थर्मल कागदाची असते. मे महिन्यात साइटच्या लोखंडी पेटीत ठेवली तर काही आठवड्यांत कोरी होते. भरणा झाला त्याच दिवशी पावती, तास-मीटर आणि टाकीची पातळी एका फोटोत घ्यावी, आणि फाइलच्या नावात साइट आयडी व तारीख टाकावी.